वरची तार गेली

न्हावा शेव्याला एका शिपिंग एजंटच्या ऑफिसात मी तेव्हा नवीनच लागले होते. तिथल्या एका सहकाऱ्यानं मला एक सीडी बर्न करून दिली. एका परदेशी रॉक बँडचं, नाव व्हायच्या आधीचं, छोट्याशा क्लबमधलं लाइव्ह रेकॉर्डिंग. ब्लूजच्या चालीवर सुरू झालेलं गाणं वीस मिनिटं कुठल्या कुठे जायचं. मी वेडीच झाले होते. कॉम्प्युटरच्या चिमुकल्या स्पीकरवर दहा वेळा तरी ऐकलं असेल, पण पोट भरेना.

आमच्या करंजाडे गावात मोठे स्पीकर एकाच घरात होते. शेजारच्या दादांची बेंजो पार्टी होती. हळदीत, साखरपुड्यात ते स्वतः बेंजो वाजवायचे. रविवारी दुपारी मी सीडी घेऊन त्यांच्या ओटीवर हजर.

"इंग्लिश गाणी? आमाला काय कलनार गो त्यातलं?" असं म्हणत त्यांनी अँप्लिफायर लावला.

पहिल्याच ठोक्याला खिडकीच्या काचा थरथरल्या. आतून वहिनी ओरडल्या, "अवो, कोनाची वरात आली?" दादांचं लक्षच नव्हतं. ते डोळे मिटून बसले होते. गिटार वर चढत गेली, आणि एकदम त्यांनी माझं मनगट धरलं.

"तार तुटली त्याची!"

"कुठे?"

"मागं घे."

मी मागं घेतलं. नीट कान दिला तर खरंच, ड्रमच्या गदारोळात एक बारीकसा 'टण्' होता. दहा वेळा ऐकूनही तो मला सापडला नव्हता.

"वरची तार गेली. आता आयक, थांबत नाय तो. खालच्या तारांवर उतरला, बघ! ड्रमवाल्याला कललं, त्यानं जागा दिली." दादा उभेच राहिले होते. "लोकांसमोर तार तुटली ना, की काय होतं ते आमाला इचार!"

इतके दिवस मला जिथे गाण्यातलं वळण वाटत होतं, तिथे एका माणसाचा जीव टांगणीला लागला होता.

दादांनी बेंजो काढला, वायर जोडली. सूर सापडायला दोन-तीन मिनिटं गेली. मग बेंजोच्या बटणांसारख्या पट्ट्या दाबायचं सोडून ते थेट तारच बोटानं दाबून ओढायला लागले आणि बेंजो त्या गिटारसारखा विव्हळला. मी टाळ्या पिटत नाचायलाच लागले. वहिनी पिठाचे हात तसेच घेऊन दारात आल्या आणि हसत सुटल्या.

पुढच्या महिन्यात बेलपाड्याला एक हळद होती. दादांनी मला मुद्दाम नेलं. नेहमीच्या गाण्याच्या मध्येच त्यांनी तार ओढली आणि सूर लांबवत नेला. नाचणारे क्षणभर गोंधळले. नवरदेवाचा मामा ओरडला, "काय झालं रं बेंजोला?" पण तेवढ्यात नवरदेवाच्या आजीनं दोन्ही हात वर करून गिरकी घेतली, ढोलवाल्यानं ठेका सोडला नाही, आणि सगळा मांडव तिच्यामागं फिरला. दादांनी घामेजलेल्या चेहऱ्यानं माझ्याकडे बघून फक्त भुवया उडवल्या.