जयमालाबाईंना हसू का येत नाही

संध्याकाळी टीव्ही लागला की जयमालाबाईंच्या कपाळाला आठी पडायची. त्यांचे यजमान भागवतराव आवाज पार वाढवून विनोदी कार्यक्रम लावत. पोटाला उशी बांधून साडी नेसलेला बाप्या, फाडफाड थोबाडीत, आणि दर खेपेला एक मोलकरीण. ती 'मले-तुले' बोलते, एवढाच तिचा विनोद. जयमालाबाईंचं माहेर वऱ्हाडातल्या वडनेर भोलजीचं. त्यांची आई जन्मभर तसंच बोलली. मोलकरणीवर हशा उसळला की बाईंचं तोंड कडू होई.

"तुले हासूच येत नाही वं," भागवतराव म्हणत.

मग बाईंचा घोटा मोडला. बुलढाण्यातल्या ज्या सरकारी कार्यालयात त्या लिपिक होत्या, तिथून रजा घेऊन त्या पलंगावर पडल्या. मोबाइल चाळताना एक इंग्रजी मालिका लागली. विलायतेतलं लहानसं गाव, आणि बागेतला बाक कुठे ठेवायचा यावर समितीची बैठक. कोणी कोणाला मारत नव्हतं. "आपल्याविषयी पूर्ण आदर ठेवून सांगतो," म्हणत जो तो अदबीनं दुसऱ्याचा गळा कापत होता. पडद्यावर खाली येणाऱ्या ओळी वाचूनही बाईंना निम्मंच कळलं. पण दुसऱ्या दिवशी गवार मोडता मोडता त्यांना एकदम खुदकन हसू फुटलं. हे तर आपलंच ऑफिस! तिथंही 'सविनय सादर' लिहूनच लोक एकमेकांचा काटा काढतात.

तिथून नादच लागला. प्लास्टर निघेपर्यंत चार मालिका झाल्या. मग वाचनालयातून पुस्तकं यायला लागली. एका पडद्याच्या कापडावरून बोलेनाशा झालेल्या दोन बहिणींची कादंबरी बाईंनी शब्दकोश मांडीवर घेऊन महिनाभर वाचली. त्या इंग्रजांना हसावं कसं, हे कळतं, असं त्या ऑफिसात सांगू लागल्या.

आणि एका दुपारी जुन्या मालिकेच्या एका भागात एक गोरा नट तोंडाला तपकिरी रंग फासून आला. मान डोलवत, मोडकं इंग्रजी बोलत तो हिंदुस्थानी झाला होता. प्रेक्षक खदखदून हसत होते. जयमालाबाईंच्या हातातला चहा तसाच राहिला. तीच उशी, तीच मोलकरीण. फक्त आता ती मोलकरीण त्या स्वतः होत्या. त्यांना इतकी किळस आली की त्यांनी मोबाइल पालथा घातला आणि उठून तोंड धुतलं.

महिला दिनाला ऑफिसात कार्यक्रम होता. हेडक्लार्क लुगडं गुंडाळून आले, छातीला टॉवेल कोंबलेला. "साह्यब, माहा कागद कुठीसा गेला जी!" म्हणत ते कंबर हलवायला लागले. सभागृह लोटपोट झालं. दाराशी चहाचा ट्रे घेऊन शिपाई पुष्पाबाई उभी होती. पदर तोंडाला लावून तीही हसत होती, पण डोळे जमिनीवर.

जयमालाबाई उठल्या. "सर, पूर्ण आदर ठेवून विचारते. यात हासासारखं काय हाय?"

"अहो मॅडम, गंमत आहे."

"कोणती? मले समजावून सांगा."

"ती... गावंढळ बाई बोलते ना, तसं."

"हाव. मंग?"

हेडक्लार्कांनी पुन्हा तोंड उघडलं. बोलण्याची ढब, कंबर, कागद, एकेक सांगत गेले, तसा हशा विरत गेला. शेवटी ते लुगड्यातच खाली बसले. साहेबांनी घाईघाईनं चहा मागवला.

बाहेर पुष्पाबाईनं त्यांना गाठलं. जयमालाबाईंना वाटलं, आता हात धरेल.

"तुमी काऊन मधात पडल्या, बाई? तुमाले कोन काय म्हनते? साह्यब आता मलेच पाहून घेतीन."

"तुले किळस नाही येत?"

"येते नं. पन मले इथीच कप धुवा लागतेत." ट्रे घेऊन ती निघून गेली.

पुढं दोन महिने हेडक्लार्क त्यांच्या फाइली दुसऱ्याच्या हाती पाठवत राहिले. पुष्पाबाईची बदली वरच्या मजल्यावर झाली. का, ते कोणी सांगितलं नाही. पुढच्या महिला दिनाला नाटुकलं झालं नाही, गाण्यांच्या भेंड्या झाल्या. जयमालाबाई मधल्या सुट्टीत जिना चढून पुष्पाबाईकडे डबा खायला जातात. पहिले काही दिवस ती पाठ फिरवून जेवायची. आता लोणच्याची फोड स्वतःहून त्यांच्या डब्यात टाकते.