अंगठ्याखालचं बटण

आई गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात एका सकाळी मी फोनवर आप्पांशी बोलत होते आणि मागून आईचा आवाज आला, "आवं, च्या निवतोय."

मी विश्रामबागेत, आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबच्या दारात उभी होते. माझे वडील तिकडे वाईला, घरात एकटे. "आप्पा, मागं कोण हाय?" मी विचारलं. "कुणी न्हाई," म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. फौजेतून सुभेदार होऊन आलेला माणूस. खोटं बोलायची सवय नाही, म्हणून खोटं बोलले की लगेच फोन ठेवतात.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरी अंगावर काटा आला तो आलाच. कारण तो आवाज जिथे ठेवला होता तिथलं दार मीच बंद केलं होतं आणि किल्ली माझ्याकडे होती.

आईने हयातीत फोनवर बोलून पाठवलेले निरोप मी आप्पांच्या लॅपटॉपवर उतरवून ठेवले होते. आधी ते उघडेच होते. पण आप्पांच्या हाताला कंप आहे. ऐकता ऐकता त्यातले काही कायमचे पुसले गेले. मग मी लॅपटॉपवर दोन खाती केली. एक माझं, सगळे अधिकार असलेलं, पासवर्ड घातलेलं. दुसरं आप्पांचं, त्याला नाव दिलं 'पाहुणा'. निरोप ठेवले माझ्या खात्यात. "मी आले की ऐकू," असं त्यांना सांगितलं.

"म्हंजी माज्याच घरात मी पावणा व्हय?" आप्पा म्हणाले होते. मी ते हसण्यावारी नेलं.

निरोप पुसले जातील ही भीती खरीच होती, पण तेवढीच नव्हती. त्यातला एक निरोप फक्त माझ्यासाठी होता, आईने दवाखान्यातून पाठवलेला, बाकीच्यांबरोबर चुकून उतरलेला. डॉक्टरांनी आशा सोडली आहे हे आप्पांना कळू द्यायचं नाही, असं तिने मला बजावलं होतं. मी पाळलं. ती गेली त्या दिवशीसुद्धा आप्पा, ती घरी आल्यावर तिची खाट खिडकीपाशी टाकावी की भिंतीला, हे मला विचारत होते. तो निरोप पुसून टाकावा असं कितीदा मनात आलं. पण आईचा आवाज पुसायला हात धजेना.

त्याच सकाळी लॅबमध्ये बसले तर समोर एक सूचना आलेली. एका प्रकारच्या माऊसबरोबर येणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये भोक सापडलं होतं, ते ताबडतोब अपडेट करायचं होतं. असल्या सूचना वाचणं हेच माझं काम. मला पगारच संशय घेण्याचा मिळतो. पूर्वी नव्या नवरीबरोबर पाठराखीण सासरी जायची. नवरी बुजून एका कोपऱ्यात बसायची आणि पाठराखीण पार माजघरापर्यंत फिरून यायची, तिला कुणी हटकत नसे. माऊसबरोबर येणारं सॉफ्टवेअर तसंच असतं. माऊस नवा आला, म्हणून कॉम्प्युटर त्याच्या सोबत्यालाही घर मोकळं करून देतो.

या माऊसला अंगठ्याखाली दोन जादा बटणं होती. त्यांच्यावर हवी ती फाईल बसवता यायची, बटण दाबलं की ती सुरू. पण फाईल निवडायला जी खिडकी उघडायची, ती समोर बसलेल्या माणसाच्या अधिकाराने नव्हे, खुद्द यंत्राच्या अधिकाराने उघडायची. तिला कुणाचंच खातं बंद नव्हतं. यासाठी बाहेरचा चोर लागत नाही, घरातलंच कुणी तो माऊस धरून बसलं की पुरे.

दिवाळीत आप्पांना मी हाच माऊस दिला होता. कापऱ्या हाताला जाड पकड बरी, म्हणून.

आईचा आवाज ऐकून वाटली नव्हती एवढी भीती मला आता वाटली. चहाचा निरोप सापडला, तर शेजारचा कसा सापडणार नाही? बायकोने आणि मुलीने मिळून आपल्याला फसवलं, हे त्यांना माझ्या पाठीमागे, एकट्याने, आईच्याच तोंडून कळणार. मी रजा टाकली आणि एसटीत बसले. कराड गेलं, साताऱ्याला गाडी बदलली. फोन पर्समध्ये बंद होता, तरी मधूनच कुणी चहासाठी हाक मारतंय असं वाटायचं आणि मी मागे वळून बघायची. मागच्या बाकावर एक बाई पेंगत होती.

वाईला पोचले तेव्हा उन्हं उतरायला लागली होती. घराचं दार नुसतं लोटलेलं. मी हाक मारणार, तोच आतून आईच बोलली, "आवं, च्या निवतोय." मग पुन्हा तेच, त्याच सुरात. मी चौकट धरून उभी राहिले. आत जायचं धाडस होईना, खरंच सांगते.

आप्पा टेबलाशी बसले होते. एक कप आईच्या फोटोपुढे, एक त्यांच्यापुढे. लॅपटॉपच्या पडद्यावर काहीच चालू दिसत नव्हतं. अंगठा तेवढा माऊसवर होता.

"म्या काय फोडलं न्हाई," मला बघून ते म्हणाले. "बटणावर काय लावू, आसं त्यानंच इचारलं. बघत बघत गेलो तर तुजं दार उघडंच."

"आणि हे दुसरं बटण?"

"त्ये दाबू नगंस. तुला रडू यील."

मी दाबलं. दवाखान्यातल्या पंख्याची घरघर आणि तिच्यावरून आईचा थकलेला आवाज. "ह्यास्नी सांगू नगंस. कळलं तर जेवायचं सोडतील."

मी आप्पांकडे बघू शकले नाही. त्यांनी फोटोपुढचा कप उगाच सरळ केला.

"डागदरानं पयलं मलाच बोलावलं हुतं," ते म्हणाले. "मला ठावं हुतं गं. म्हणून तर तिच्याम्होरं बसून रोज पोटभर जेवत हुतो. घास उतरत न्हवता. पर ती बघत असायची."

मग मी खूप रडले.

उठले ती कामाला लागले. सगळे निरोप आप्पांच्या खात्यात आणले, त्या खात्याचं 'पाहुणा' हे नाव काढलं आणि माझा पासवर्ड त्यांना सांगून टाकला. मग अपडेट केलं, कारण भोक ते भोकच. त्यात बटणांची जुनी मांडणी गेली. ती पुन्हा बसवायला मी चष्मा शोधत होते, तेवढ्यात आप्पांनी सवयीने अंगठा दाबला. काहीच झालं नाही. त्यांनी पुन्हा दाबला. त्यांच्या पुढ्यातला कप तसाच भरलेला होता.

"आप्पा, च्या निवतोय," मी म्हणाले.

त्यांनी चमकून आधी फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मुकाट्याने कप उचलला.