नंदूच्या हवेतल्या खोल्या

लोक मला विचारतात, "मेधा, तुझ्याकडे एवढे किस्से येतात कुठून?" मी काहीच करत नाही. फोन उचलते! आमच्या धंद्यात फोन उचलला की निम्मा किस्सा आलाच, आणि "म्हणजे नक्की काय झालं?" एवढं विचारलं की उरलेला निम्माही येतो. चौकशा करायची खोड मला पहिल्यापासूनच आहे. घरचे वैतागतात, पण धंद्यात ती चालून जाते.

धंदा असा. भोईवाड्यात पहिल्या मजल्यावर आमचं दोन टेबलांचं ऑफिस आहे. एक टेबल माझं, एक नंदू परबचं. नंदू माझा कॉलेजपासूनचा मित्र. बऱ्याच लोकांनी कधीतरी मॉलमध्ये फुकट गिफ्टच्या नादात लेक्चर ऐकून टाइमशेअर घेतलेलं असतं. म्हणजे एकदा मोठी रक्कम भरायची, वर्षाला थोडा मेंटेनन्स, मग दरवर्षी एक आठवडा रिसॉर्टमधली खोली आपली. पुढे मुलांच्या परीक्षा येतात, गुडघे दुखायला लागतात आणि आठवडा वाया जातो. तो आठवडा आम्ही दुसऱ्या कुणाला तरी भाड्याने लावून देतो.

यात गंमत अशी, की दोन्ही पार्ट्या घाबरलेल्या असतात. मालकाला वाटतं भाडेकरू खोलीची वाट लावणार. भाडेकरूला वाटतं मालक पैसे घेऊन गायब होणार. कोण कशाला घाबरतो आणि का, याचं मला भयंकर कुतूहल आहे.

नंदूची गोष्ट वेगळी. तो लालबागच्या चाळीत वाढला, अजून तिथेच राहतो. पक्की नोकरी सोडून त्याने हे सुरू केलं. चाळीत त्याची चेष्टा चालते, "नंदू काय, हवेतल्या खोल्या भाड्याने देतो!" सगळ्या मुंबईने आमच्याकडून खोल्या घेतल्या, पण नंदूच्या चाळीतल्या एकाही माणसाने नाही. आणि सगळ्यात मोठा अविश्वास त्याच्या आईचा. "न बघितलेल्या खोलयेक पैशे कोण दितलो?" हे तिचं मालवणीतलं ठरलेलं वाक्य. नंदू हसून सोडून द्यायचा, पण ते त्याला लागायचं. मला कळायचं.

*

आमचे पहिले मालक म्हणजे गिरगावचे एक काका. वडिलोपार्जित चाळीच्या मालकांपैकी एक. त्यांचा लोणावळ्याचा आठवडा आम्ही एका कुटुंबाला लावून दिला, तर काका हातात स्टॅम्प पेपर घेऊन हजर!

"लिव्ह अँड लायसन्स करायचं. पोलिस व्हेरिफिकेशन पण."

मी म्हटलं, "काका, सात दिवसांसाठी?"

"माझ्या काकांनी एका माणसाला 'चार दिवस राहा' म्हणून खोली दिली होती. त्याचा नातू राहतोय आता तिथे!"

नंदूने शांतपणे समजावलं. भाडेकरूचं ओळखपत्र आपण घेतलंय, डिपॉझिट घेतलंय, दोघांच्या सह्यांचा साधा करार केलाय. आणि शेवटच्या दिवशी सकाळी दहाला रिसॉर्टवालेच त्यांना खोली रिकामी करायला लावतात.

काकांनी चष्मा काढला. "दहाला भाडेकरू बाहेर? स्वतःच्या पायांनी? कोर्टात न जाता?"

"हो."

काकांनी स्टॅम्प पेपरची घडी घालून तो पिशवीत टाकला. मग म्हणाले, "मला तिथेच एक चाळ बांधायची आहे हो!"

*

भाडेकरूंच्याही तऱ्हा आहेत. इथे भोईवाड्यातलेच एक गृहस्थ कर्जतच्या खोलीबद्दल विचारायला आले. आम्ही फोटो दाखवले, स्विमिंग पूल दाखवला, मालकाने वर्षाचा मेंटेनन्स भरल्याची पावती दाखवली. ती पाहायलाच हवी, कारण मेंटेनन्स थकला असेल तर रिसॉर्ट पाहुण्याला आतच घेत नाही. गृहस्थांचा प्रश्न एकच.

"पाणी किती वाजता येतं?"

"चोवीस तास असतं."

त्यांचा विश्वास बसेना. प्रत्यक्ष बघितल्याशिवाय ते पैसे द्यायला तयार नव्हते. यात चूक काहीच नाही, म्हणून आम्ही रिसॉर्टला सांगून त्यांची भेट ठरवून दिली. गेले. संध्याकाळी फोन.

"खोली बघितली. चांगली आहे. नळ पण सोडून बघितला. दुपारी बघितला, मग चहा पिऊन पुन्हा बघितला. पाणी चालूच!"

"मग घ्यायची ना?"

"नको. दिवसभर पाणी येतं म्हणजे नक्की काहीतरी भानगड आहे!"

*

दादरच्या एका बाई, अशाच एका खोलीच्या मालकीणबाई, फार प्रेमळ. आपल्या खोलीत राहायला जाणारा माणूस म्हणजे आपल्याच घरचा पाहुणा, असं त्यांचं मत. आम्ही तेव्हा नवीन होतो. भाडेकरूचा नंबर त्यांना देऊन टाकला.

त्या सकाळी फोन करायच्या. "उठलात का? नाश्ता गरम होता ना?" दुपारी, "जरा पडा आता." रात्री, "पांघरूण पुरतं ना? कपाटात वरच्या कप्प्यात जास्तीची रजई आहे, मी बघून ठेवली होती."

तिसऱ्या दिवशी भाडेकरूने मला फोन केला. बिचारा अगदी हळू आवाजात बोलत होता.

"मॅडम, त्या काकूंना प्लीज सांगा. आम्ही हनिमूनला आलोय!"

तेव्हापासून मालकाचा नंबर भाडेकरूला नाही, भाडेकरूचा मालकाला नाही. जे काही बोलायचं ते ऑफिसमार्फत.

*

हे मे महिन्यातलं. माटुंग्याचं एक तरुण जोडपं आलं. त्यांना ऑनलाइन कुणीतरी महाबळेश्वरची खोली देत होता, ऐन सुट्टीत आणि फार स्वस्तात. पैसे पाठवण्याआधी आमच्याकडून खात्री करून घ्यायला आले होते. शहाणी मुलं! त्या माणसाने 'रिसॉर्टच्या रिसेप्शनचा' म्हणून एक नंबरही दिला होता.

मी स्पीकर लावून तो नंबर फिरवला.

"नमस्कार, रिसॉर्ट रिसेप्शन... आक्छी! बोला मॅडम."

मी मुलाचं नाव सांगून विचारलं, "या नावाने बुकिंग आहे का?"

"आहे ना, एकदम कन्फर्म... आक्छी!"

मागून धाड धाड धाड असा एकसारखा आवाज येत होता. मी विचारलं, "कसला हो आवाज?"

"धबधबा आहे मॅडम. व्ह्यू साइडची रूम आहे."

नंदू इतका वेळ डोळे मिटून ऐकत होता. तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "हा धबधबा आमच्या लालबागचा आहे."

"कशावरून रे?"

"धबधब्याने माणूस शिंकत नाही. मिरचीने शिंकतो."

मे महिन्यात लालबागला वर्षाचा मसाला कुटून घ्यायला गर्दी असते आणि कुटायची यंत्रं दिवसभर धाड धाड चालू असतात, हे मला माहीत होतं. पण डोक्यात आलंच नाही. नंदू फोनकडे वाकून एकदम घाईच्या सुरात म्हणाला, "दादा, बेडगी मिरची आहे का?"

"बेडगी संपली, संकेश्वरी आहे!"

आणि फोन बंद.

मग आम्ही रिसॉर्टचा खरा नंबर स्वतः शोधला आणि लावला. अर्थातच असं बुकिंग नव्हतं. समोरच्याने दिलेल्या नंबरावर खात्री करायची नाही, हा आमचा नियम त्या जोडप्याने बाहेर पडताना मोठ्याने म्हणून दाखवला.

नंदूला वाटलं, हा किस्सा ऐकून तरी चाळीत आपली पत वाढेल. रात्रीच्या जेवणानंतर गॅलरीत उभं राहून त्याने अगदी रंगवून सांगितला. सगळे पोट धरून हसले. मग शेजारचे तात्या म्हणाले, "बघा, मी सांगत नव्हतो? या धंद्यात सगळे चोरच!"

दुसऱ्या दिवशी नंदू ऑफिसात आला तो चहासुद्धा न घेता बसून राहिला.

*

आता जोशीकाकांचा किस्सा. काका दादरचे, पूर्ण शाकाहारी, काकू तर कांदा-लसणाच्याही विरोधात. त्यांची खोली आम्ही एका कुटुंबाला दिली. पण पाहुण्यांची नावं रिसॉर्टकडे नोंदवायची राहून गेली. बुकिंग 'जोशी' याच नावावर.

त्या खोलीत छोटा ओटा होता. कुटुंबाने घरून बांगडे नेले होते, मसाला लावून. तळायला सुरुवात केली आणि धुराचा अलार्म वाजला! रिसॉर्टच्या मॅनेजरने रेकॉर्डवरच्या नंबरवर फोन केला. तो दादरच्या घरी लागला आणि काकूंनी उचलला.

"मॅडम, जोशी सर बांगडे तळतायत. त्यांना सांगा, निदान खिडकी तरी उघडा!"

काका तेव्हा संध्याकाळच्या फेरीला बाहेर गेले होते.

दुसऱ्या दिवशी काका ऑफिसात आले. मी मनात म्हटलं, आता आपली धडगत नाही. काकांनी दार लावून घेतलं.

"तुमच्या पाहुण्यांवर माझा राग नाही," ते कुजबुजले. "पण मला एक सांगा. काल मी घरी आलो तर ही दारातच उभी. म्हणाली, 'बांगडे?' एवढंच!"

"मग?"

"मग काय! मी सगळं कबूल करून टाकलं. दर मंगळवारचं!"

त्या दिवसापासून प्रत्येक पाहुण्याचं नाव आधी रिसॉर्टकडे जातं. मालकाच्या नावावर दुसऱ्याने काय काय केलं, ते नुसतं मालकालाच भोगावं लागतं असं नाही. मालकाने स्वतः काय केलं तेही बाहेर येतं!

*

आणि मग एका दिवाळीच्या सुट्टीत नंदूची आई म्हणाली, "तुमच्या खोलयेत मी जातंय."

गावाहून तिची धाकटी बहीण आली होती. दोघींनी मिळून कधी कुठे जाऊन राहणं झालंच नव्हतं, लग्नाआधी नाही आणि नंतरही नाही. नंदूचा चेहरा असा फुलला की मला हसू आवरेना. "आई, तुला एक पैसा द्यायचा नाही..." तो सुरू झाला.

आईने हात वर केला. "जातंय, पण तुझी आवस म्हणान नाय. गिराईक म्हणान."

आणि खरोखर ती ऑफिसात आली, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली. मालकाची मेंटेनन्सची पावती मागितली. करार माझ्याकडून वाचून घेतला, दोनदा. निम्मे पैसे आता आणि निम्मे तिथे खोलीत पाय ठेवल्यावर, हे नंदूकडून वदवून घेतलं. मग चष्मा नीट करत नंदूला म्हणाली, "तुझो आधार दाखव."

"आई, मी तुझा मुलगा आहे!"

"ता माका ठावक आसा. आधार दाखव."

नंदूने पाकिटातून आधार कार्ड काढून दाखवलं. तिने फोटोकडे बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं. "बारीक झालंस," एवढंच म्हणाली.

नंदूने चाळीत कुणाला काही सांगितलं नाही. पण चाळीत न सांगता कळतं. तात्यांनी तर ऐकवलंच, "आईला तरी नीट पाठव रे बाबा. म्हातारी बॅगा घेऊन गेटवरून परत आली तर बघवणार नाही." नंदू दोन दिवस नीट जेवला नाही. मला म्हणाला, "मेधा, यावेळी फोन तूच कर. माझा आवाज कापेल."

निघायच्या आदल्या दिवशी मी नेहमीप्रमाणे रिसॉर्टला फोन लावला. रिसेप्शनवरची मुलगी आमच्या ओळखीची. परब हे नाव ऐकताच ती हसायला लागली.

"मॅडम, बुकिंग पक्कं आहे. आणि हे मी कालच एका आजींना सांगितलंय. चाळीतल्या एका पोराकडून इंटरनेटवर नंबर शोधून घेतला म्हणाल्या."

"काय विचारत होत्या?"

"खोलीचं काहीच विचारलं नाही. म्हणाल्या, 'नंदू परब नावाचो माणूस तुमका ठावक आसा? तो खरो आसा काय?'"

समोर नंदू बसला होता. मी स्पीकर लावला.

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, आजी, नंदूदादांनी पाठवलेला एकही पाहुणा इथून परत गेलेला नाही. पावसात दरड पडली होती ना, तेव्हा अडकलेल्या एका फॅमिलीसाठी ते स्वतः इथपर्यंत आले होते."

हे मला माहीत नव्हतं. मी नंदूकडे बघितलं, तो टेबलाकडे बघत होता.

"मग आजी काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, 'ह्या परत एकदा सांग गो बाय, जरा मोठ्यान सांग. मी फोन स्पीकरार टाकतंय. हय गॅलरीत सगळी उभी आसत.'"