बांधावरचा अँटेना

मार्गासनीच्या आमच्या शाळेत रेडिओ क्लब निघाला आणि किस्से नुसते साचत गेले. मी विज्ञान शिकवते. रेडिओचं लायसन माझ्या नावावर, त्यामुळे खापर माझ्याच डोक्यावर फुटतं. आणि खरं सांगते, मिरवतेही मीच!

*

अंतराळ स्थानकातल्या अंतराळवीराशी आमची मुलं बोलणार होती. अँटेना कसा बनवायचा ते जपानमधल्या एका गृहस्थांनी व्हिडिओ कॉलवर शिकवलं. हवा तसा पाइप मिळेना, म्हणून पोरांनी घरचे पडद्यांचे रॉड आणले. गृहस्थांनी अँटेनाचं कौतुक केलं आणि हळूच विचारलं, "मग पडदे?"

*

अँटेना उभा राहिला तसे हवालदार हजर. परदेशाशी बोलणं म्हणजे सुरक्षेचा प्रश्न! मी लायसन दाखवलं आणि हेडफोन त्यांच्या कानाला लावला. दुसऱ्या दिवशी हवालदारसाहेब बायकोलाही ऐकवायला घेऊन आले, साध्या कपड्यांत.

*

शाळेभोवती विजेच्या तारा. मोकळं आभाळ सापडलं ते क्लबातल्या सायलीच्या वडिलांच्या, अण्णांच्या रानात, तेही नेमकं बांधावर. पलीकडचं रान तिच्या काकांचं, तात्यांचं. सख्खे भाऊ, पण त्याच बांधावरून कित्येक वर्षं अबोला. दोघांनी परवानगी दिली, माझ्यामार्फत. तात्या म्हणाले, "बाई, त्यास्नी सांगा, पाय हिकडं पडाया नगं."

*

बोलण्याची ठरलेली पहिली तारीख हुकली. कुठल्याशा फुटक्या उपग्रहाचा तुकडा येत होता, म्हणून स्थानकाला वाट बदलावी लागली. तुकडा कुणाचा, असं अण्णांनी विचारलं. म्हटलं, कोणी कबूल करत नाही. अण्णांनी बांधापलीकडे बघितलं. "म्हंजी वरबी तसंच."

*

मग तो दिवस आला. सायलीनं विचारलं, इतक्या देशांची माणसं एका घरात राहता, भांडत नाही का? उत्तर सुरू झालं आणि आवाज खरखरायला लागला. स्थानक तात्यांच्या जांभळीआड गेलं होतं. स्थानक सरकेल तसा फिरवायचा अँटेना अण्णांच्या हातात. चार पावलं पुढे गेलं की आभाळ मोकळं, पण पुढे तात्यांचं निसवलेलं, लोंब्या धरलेलं भात. अण्णा बांधावरच थिजले. पोरगी माइकवर हाका मारतेय, डोळे भरलेले.

"दादा, ये की हिकडं!" बांधापलीकडून तात्या ओरडले. "भात तुडव, पर पोरीचं बोलणं तुटू देऊ नगस!"

अण्णा भातात उतरले. तात्या ओरडतच होते, आनखी पुढं, आनखी पुढं. आवाज लख्ख आला. वरून अंतराळवीर विचारत होते, मागं कोण एवढं ओरडतंय?

सायलीनं माइक घट्ट धरला.

"माय अंकल, सर. ही इज टॉकिंग टू माय फादर!"