लिंबाजीच्या घरची कळशी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि माझं तिच्यापासून काही लपत नाही, असं ती सगळ्या पाहुण्यारावळ्यांना सांगत असते.

तसं बघितलं तर सांगण्यासारखं फार काही नाहीच. कुणाचा जीव गेला नाही, कुणाचं घर मोडलं नाही. मग इतकी वर्षं दाबून का ठेवलं? मोठी गोष्ट असती तर कधीतरी बाहेर पडली असती, असं मला वाटतं. बारीक होती म्हणून आत राहून गेली.

मी प्राथमिक शिक्षक होतो. मूळचा मुखेडकडचा. लातूर जिल्हा नवा झाला त्या सुमारास अहमदपूर भागातल्या एका खेड्यात नोकरीला होतो. गावाचं नाव सांगत नाही, ह्यात गावाचा दोष नाही. जिल्हा लातूर झाला होता, पण आमची सर्व्हिस बुकं उस्मानाबादेतच पडून होती, आणि कोणत्या कामाला कोणत्या कचेरीत जायचं हे तिथल्या बाबूलोकांनाही धड ठाऊक नव्हतं. त्यातच पाऊस गेला. एक साल गेला, दुसऱ्या सालीही गेला. जिल्हा आला अन् पाणी गेलं, असं लोक हसत हसत म्हणायचे. पुढं पुढं हसणंही बंद झालं.

मी माणिकरावांच्या घरात भाड्यानं राहायचो. घरामागची एक खोली, पुढचं दार त्यांच्या अंगणात, मागचं दार परसात. माणिकराव घरचे खातेपिते कास्तकार, बोलायला गोड. माझी बायको बाळंतपणासाठी माहेरी गेलेली, म्हणून मी एकटाच. गावातल्या सगळ्या विहिरी तळाला गेल्या तरी माणिकरावांच्या मळ्यातल्या विहिरीला पाणी होतं. त्यांचा गडी रोज बैलगाडीवर पिंप भरून आणायचा आणि माझ्या खोलीतला रांजणही भरून जायचा. त्या सालात हे केवढं सुख होतं, हे तुम्हाला आता सांगून कळायचं नाही.

आता लिंबाजीचं सांगतो. सांगायलाच बसलोय तर — बरं.

लिंबाजी आणि गयाबाई बौद्धवाड्यातले. थोडकी कोरडवाहू जमीन, बाकी मजुरी. त्या सालात दोघंही रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायला जायचे. त्यांची मुलगी पंचशीला माझ्या वर्गात, चौथीला. थोरल्या मुलाला लिंबाजीनं आधीच शाळेतून काढलं होतं. का काढलं, हे मी कधी विचारलं नाही. गुरं राखायला काढलं असेल असं धरून चाललो.

पंचशीला फळ्यावरचं उतरवायची ते सगळं चुकीचं. मी तिला मठ्ठ समजत होतो. एकदोनदा छडीही दिली. मग एके दिवशी बघितलं, तर शेजारच्या मुलीच्या पाटीवर नाक टेकवून ती वाचत होती, आणि वाचत होती ते अगदी बरोबर. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. लिंबाजीला सांगितलं, पोरीचे डोळे दाखवायला पाहिजेत. तो घाबरला. मग मीच बापलेकीला एसटीत घालून लातूरला नेलं, सरकारी दवाखान्यात दिवसभर ओळीत उभा राहिलो, चष्मा करून आणला. हे मी केलं, आणि मनापासून केलं. एवढं तरी माझ्या खात्यावर असू द्या.

पोरगी महिन्याभरात वर्गात पुढं गेली. आणि एका संध्याकाळी लिंबाजी अन् गयाबाई माझ्या दारात आले. आत या म्हटलं तरी आत आले नाहीत. गयाबाईच्या डोक्यावर पितळेची कळशी, घासून लख्ख केलेली. लिंबाजी हात जोडून म्हणाला, "सर, औंदा आमच्यापाशी देण्यासारखं पाणीच हाय बघा."

गावाखालच्या ओढ्यात त्यांच्या वाड्यातल्या लोकांनी वाळू उकरून झरा काढला होता. पाणी झिरपून झिरपून यायचं. गयाबाई पहाटे जाऊन बसायची आणि वाटीवाटीनं भांडं भरायची. तेवढ्यातली एक कळशी रोज सरांना, असं त्यांनी नवराबायकोनं ठरवलं होतं. पोरगी आणून देईल, म्हणाले.

मला नको म्हणता आलं असतं. माझ्याकडं पाणी आहे, तुम्हालाच राहू द्या — हे खरंही होतं. पण मी नको म्हटलं असतं तर त्यांना काय वाटलं असतं? मास्तर आमच्या हातचं घेत नाही, हेच ना? आणि मी तसा नव्हतो. पंधरा ऑगस्टला भाषण करायचो मी! माणूस तितका एक, जात-पात खोटी, सगळं. गावातली म्हातारी माणसं नाकं मुरडायची आणि मला त्याचा फार अभिमान होता. मी कळशी दोन्ही हातांनी घेतली. गयाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

माणिकराव ओसरीवर बसून बघत होते. ते दोघं गेल्यावर जवळ आले, अगदी प्रेमानं. म्हणाले, "मास्तर, शाळंतलं शाळंत ठेवा. घरात आमचं पाणी चाललंय, त्यात दुसरं मिसळू नका. एवढंच म्हणणं हाय."

एवढंच. ना आवाज चढला, ना धमकी. मी "हाव" म्हणालो, मागच्या दारानं परसात गेलो आणि कळशी शेवग्याच्या बुडाशी रिकामी केली. जमिनीनं ते पाणी घटकाभरात पिऊन टाकलं.

दुसऱ्या दिवसापासून हेच. संध्याकाळी पंचशीला पुढच्या दारात यायची. मी कळशी घ्यायचो, आत जायचो, मागच्या दारानं बाहेर पडून शेवग्याला घालायचो आणि रिकामी कळशी तिच्या हातात द्यायचो. ती म्हणायची, "सर, जाते." मी म्हणायचो, जा, पाढे पाठ कर. लिंबाजी वाटेत भेटला की विचारायचा, सर, पाणी गोड हाय का? मी सांगायचो, लई गोड हाय. आमच्या विहिरीपेक्षा गोड, असंही एकदा सांगितलं. कुणी न विचारता.

आता तुम्ही म्हणाल, मास्तर परगावचा, एकटा, घरमालकाच्या पाण्यावर जगणारा. तो तरी काय करणार? मीही स्वतःला हेच सांगत होतो. बरीच वर्षं सांगितलं. पण ते खरं नाही. आणि जे खरं आहे ते आत्ता सांगायचंय.

मधे माणिकरावांचं सगळं घर माहूरला देवीच्या दर्शनाला गेलं. गडी मळ्यात मुक्कामाला. पुढच्या फाटकाला कुलूप, घरात चिटपाखरू नाही. मी परसाच्या दारानं ये-जा करत होतो. त्या संध्याकाळी पंचशीला मागच्या बाजूनंच आली. कळशी ठेवून जा, उद्या ने, असं मी तिला सांगितलं, कारण मनात एक ठरवलं होतं. आज बघायला कुणी नाही. आज प्यायचं.

ती गेली. मी तांब्या भरून घेतला. पाणी नितळ होतं, तळाला वाळूचे दोनचार कण. वर्गात तिची पाटी मी हातात घ्यायचो, तिच्या डोक्यावर हात ठेवायचो, एसटीत ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती. तांब्या ओठापर्यंत नेला. आणि — प्यायलं गेलं नाही.

माणिकराव नव्हते, गाव नव्हतं, भीती नव्हती. कुणीच नव्हतं. मी होतो. माझ्या घशाला ते पाणी नको होतं. मला त्याचा राग आला, पण राग आला म्हणून काही मी प्यायलो नाही. उठलो, तांब्या शेवग्याला घातला. मागोमाग कळशीही घातली.

मान वर केली तर परसाच्या काटेरी कुपाटीपाशी पंचशीला उभी. कळशीखाली डोक्यावर ठेवायची चुंबळ ती विसरली होती, ती न्यायला परत आलेली. डोळ्यांवर चष्मा. लातूरहून मीच आणलेला. तिनं शेवग्याकडं बघितलं, ओल्या मातीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं नाही. चुंबळ उचलली, रिकामी कळशीही उचलली आणि गेली.

आता सगळं संपलं, असं मला वाटलं. घरी जाऊन सांगेल, उद्या कळशी यायची नाही, आणि खोटं कशाला बोलू, मला जरा सुटल्यासारखंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणिकरावांचं घर परतलं, फाटक उघडलं. संध्याकाळी ती आली. वेळेवर. मला हाक मारली नाही. घराला वळसा घालून सरळ परसात गेली, कळशी उतरवली आणि शेवग्याच्या बुडाशी पाणी ओतलं. सावकाश, आळ्याबाहेर थेंब जाऊ न देता. रिकामी कळशी डोक्यावर घेऊन पुढच्या दारात आली. म्हणाली, "सर, जाते."

मी काय म्हणालो असेन? म्हणालो, जा, पाढे पाठ कर.

मग रोज तेच. मी खोलीत बसायचो, परसात पाणी पडल्याचा आवाज यायचा. मी तिला एकदाही थांबवलं नाही. थांबवायला तोंड उघडावं लागलं असतं. वर्गात ती पहिल्यासारखीच. उत्तरं द्यायची, पहिल्या बाकावर बसायची. मीच तिच्या बाकाकडं कमी बघायला लागलो. त्या उन्हाळ्यात गावातली झाडं वाळून कोळ झाली आणि आमच्या परसातला शेवगा शेंगांनी लगडला. माणिकराव म्हणायचे, मास्तर, तुमच्या हाताला गुण हाय. त्या शेंगांची आमटी मी खाल्ली. ती मात्र घशाखाली उतरली.

पुढं पाऊस झाला, कळशी थांबली, माझी बदली नांदेड जिल्ह्यात झाली. हे तिथंच राहिलं असतं. पण गेल्या साली लिंबाजीचा फोन आला. नंबर कुठून मिळवला कोण जाणे. पंचशीलानं लातूरला घर बांधलंय, ती पोस्टात आहे, गृहप्रवेशाला सर पाहिजेतच. मी जाणार नव्हतो. बायकोच म्हणाली, एवढं बोलावतात तर जावा की, अशी माणसं कुठं भेटतात.

गेलो. लिंबाजी पार वाकलाय. गयाबाईला नीट दिसत नाही, तिनं माझे हात चाचपून बघितले आणि बराच वेळ सोडले नाहीत. बुद्धवंदना झाली, मग लिंबाजी बोलायला उभा राहिला. तो चष्म्याचं सांगेल, मी मान खाली घालून ऐकेन, अशी माझी तयारी होती. चष्म्याबद्दल तो एवढंच म्हणाला की चश्मा कुणीबी दिला असता. मग म्हणाला, माझ्या थोरल्याला आधीच्या मास्तरानं वर्गातल्या माठाला शिवला म्हणून भायेर उभं केलं होतं. त्याच दिवशी पोराला काढलं. पोरीलाबी काढणार होतो. गयाबाईला म्हणलं, कळशी घेऊन जाऊ, बघू मास्तर काय करतो. जो आमचं पाणी पेत न्हाई त्याच्या हाताखाली माझं लेकरू बसणार न्हाई. "ह्या सरांनी सालभर आमच्या घरचं पाणी पिलं," तो म्हणाला, "म्हणून पोरगी शाळंत राह्यली."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या खांद्यावर शाल टाकली.

म्हणजे तिला ते माहीत होतं. बापाचं बोलणं तिनं घरात ऐकलं असणार. कुपाटीपाशी उभी राहून तिनं बघितलं, आणि घरी जाऊन सांगितलं की सर प्यायले. रोज सांगितलं. शाळेत राहायचं म्हणून ती चौथीतली पोर आईनं वाटीवाटीनं भरलेलं पाणी माझ्या परसात ओतत राहिली. घरात त्या पाण्याची वाट बघणारी तोंडं होती, हेही तिला ठाऊक होतं. तिचं शिक्षण मी केलं, असं सगळे म्हणतात.

ती समोरच होती. हातात ट्रे, पाण्याचे ग्लास. माझ्यापाशी आली, एक ग्लास पुढं केला. मी तो घेतला आणि प्यायलो. नळाचं पाणी, फिल्टरचं. आता कुठंही प्यायला मला काही वाटत नाही. ती माझ्याकडं बघत होती, फक्त बघत होती, आणि ग्लास रिकामा झाल्यावर तो घेऊन पुढच्या पाहुण्याकडं गेली.

निघताना लिंबाजी फाटकापर्यंत आला. माझा हात धरून, लहान मुलासारखा हसत त्यानं पुन्हा विचारलं, "सर, खरं सांगा. आमच्या झऱ्याचं पाणी गोड होतं का न्हाई?"

मी म्हणालो, लई गोड होतं.

ते गोड होतं की मचूळ, मला माहीत नाही.