कुलरच्या जाहिरातीसाठी फुकटचे गाणे

१२ एप्रिल, सायंकाळी ७ वाजून ४ मिनिटांनी, माझ्या एका शास्त्रशुद्ध निर्णयामुळे पप्पांचे दुकान उघडण्यापूर्वीच बंद पडण्याच्या स्थितीत आले.

पप्पांनी वीस वर्षे जळगावात इतरांचे कुलर दुरुस्त केले. आता आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, मुहूर्तावर त्यांचे स्वतःचे दुकान उघडणार होते, आमच्या मूळ गावासमोरच्या, नदीपलीकडच्या गावात. जळगाव-धुळ्यात दिसणाऱ्या एका स्थानिक वाहिनीवर जाहिरात ठरली. तिच्या संगीताची जबाबदारी, मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. असल्यामुळे, माझ्याकडे आली. (ही कारणमीमांसा पप्पांची.)

"सिनेमाचं गाणं नको ताई, नोटीस येते," वाहिनीवाल्याने बजावले. "फुकटचं शोधा काहीतरी."

मी तीन दिवस संकेतस्थळे तपासली. 'फुकट' या ठळक शब्दाखाली सर्वत्र बारीक अक्षरांत एकच अट होती: जाहिरातीसाठी नाही. निष्कर्ष स्पष्ट होता. ज्याला मालकच नाही, असे संगीत हवे.

तिसऱ्या दिवशी दुपारी अक्का, म्हणजे पप्पांची थोरली बहीण, गहू निवडताना एक गोड चाल गुणगुणत होती.

"अक्का, हे गाणं कोणाचं?"

"कोनं म्हंजे? बठ्ठासनं शे."

सगळ्यांचे, म्हणजे मालक कोणीच नाही. स्वामित्वहक्काचा प्रश्न निकाली निघाला! अधिक खबरदारी म्हणून मी शब्द पूर्णपणे वगळले आणि केवळ चाल कीबोर्डवर वाजवून घेतली. शब्दच नाहीत, म्हणजे आक्षेपाची शक्यता शून्य.

१२ एप्रिलला सायंकाळी जाहिरात लागली. पडद्यावर अक्षरे उमटली, 'समस्त गावकऱ्यांचे सहर्ष स्वागत', आणि चाल सुरू झाली. पप्पांच्या हातातला भाकरीचा तुकडा हवेतच थांबला. अक्काने तोंडाला पदर लावला.

"हे... हे कोणी दिलं?" पप्पांनी विचारले.

"लोकसंगीत आहे, पप्पा. मालक नाही."

"अगं, ह्या शिव्या आहेत!"

आखाजीला गौराई शिरवताना, म्हणजे नदीत विसर्जित करताना, दोन्ही गावांच्या बाया नदीच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना गाण्यातून शिव्या देतात, हे मला ऐकून माहीत होते. प्रत्यक्ष पाहण्याचा योग आला नव्हता. माझ्या साऱ्या आखाज्या प्रवेशपरीक्षांच्या शिकवण्यांत गेल्या. ही चाल आमच्या काठाची होती. पलीकडचे पुरुष वर्षातून एकदाच, पोळ्याला, बैलांबरोबर आंघोळ करतात, असा तिचा आशय.

"पण शब्द मी काढलेत," मी म्हणाले.

"पोरी, लोकेसना डोकामातला कोन काढी?" अक्का म्हणाली.

"तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू कोनं शे इतलंच इचारं."

माझी प्रश्नावली अपुरी होती, हे मान्य करावे लागले. मी वाहिनीवाल्याला फोन केला. "आठवडाभराचं लावून ठेवलंय ताई, मधे निघत नाही," तो म्हणाला. दिवसातून आठ वेळा आम्ही आमच्या भावी गिऱ्हाइकांना, सहर्ष स्वागतासह, शिव्या देत राहिलो.

आठव्या दिवशी पलीकडच्या सरपंचांचा फोन आला. "भाऊ, गाणं ऐकलं. आखाजीला येतो आम्ही. सगळेच." पप्पा दोन दिवस जेवले नाहीत.

आखाजीला आम्ही दुकानाचे अर्धे शटर वर केले. (अर्धे, कारण खाली ओढायला सोपे.) समोरून अख्खे गाव आले. पुढे बाया, आणि सर्वांत पुढे सरपंचांची आई. त्यांनी दुकानासमोर रिंगण धरले आणि गाण्याचे उत्तर गाण्याने दिले, जसे काठावर देतात तसेच. फक्त काठ बदलला होता. अक्का टाळ्या वाजवून दाद देत होती. मी पप्पांच्या मागे उभी राहून, सवयीने, नोंदी करत होते.

गाणे संपले. सरपंचांच्या आईने घाम पुसला आणि शटर स्वतःच्या हाताने पूर्ण वर ढकलले.

"मन मोकयं झायं. आते कुलर दखाड, भाऊ."

दुकान वाचले. पप्पा त्या रात्री पोटभर जेवले.

चाल मी फुकट मिळवली होती. शब्दही अखेर फुकटच मिळाले. वहीतली शेवटची नोंद अशी: एकूण कडवी चौदा. पप्पांवर दोन, अक्कावर एक, माझ्या शिक्षणावर अकरा.