दुसरा कान

"कान धर," सिस्टर म्हणाली.

अक्कानं धरला. एकच. दुसरा हात सलाइनला बांधलेला होता.

"दोन्ही."

अक्कानं सलाइनच्या हाताकडे पाहिलं. सव्वीस वर्षांची माझी मोठी बहीण. पाचोऱ्याकडे दिलेली, दोन वर्षांनी माहेरी परत आलेली. आदल्या दिवशी तिनं जीव द्यायचा प्रयत्न केला होता.

सिस्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी नववीत होते. अंगावर शाळेचाच ड्रेस होता. "तू बहीण ना हिची? धर तिचा दुसरा कान."

मी धरला.

कानात बाळी नव्हती. भोक बुजू नये म्हणून अक्कानं कडुलिंबाची काडी घातलेली होती. ती माझ्या बोटाला टोचली.

"आता म्हण, परत असं नाही करणार."

"परत... असं..."

"मोठ्यानं."

खोलीचं दार उघडं होतं. बाहेर ओपीडीची रांग होती. रांगेतला एक जण म्हणाला, "सिस्टर, उठाबशाबी काढायला लावा!" रांग हसली. सिस्टरही हसली. ती रागावलेली नव्हती, हे ध्यानात घ्या. हा उपचारच आहे असं तिला मनापासून वाटत होतं. पोरं ज्या हातानं शिस्तीला लावायची, त्याच हातानं मरायला निघालेली बाई शिस्तीला लावायची.

हे प्राथमिक आरोग्य केंद्र जळगाव जिल्ह्यातलं आहे. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही म्हणाल, तिथलंच तसं असेल.

मग कागदाची वेळ आली. काय झालं ते नातेवाइकांनी लिहून द्यायचं होतं. माय पुढे झाली.

"मनी आंडेर शे ती. तिना मनमा कितला दिवसपाइन..."

माझी लेक आहे ती, तिच्या मनात कित्येक दिवसांपासून... एवढंच माय सांगत होती. खरं सांगत होती. सिस्टरनं मध्येच तोडलं.

"शे-शे काय लावलंय? मराठीत बोल."

माय गप्प झाली. मायला अहिराणीशिवाय दुसरी भाषा येत नव्हती. त्या दिवशी त्या खोलीत खरं बोलणारं एकच माणूस होतं आणि त्याला गप्प केलं गेलं. मी ते पाहिलं. मला मायची लाज वाटली. सिस्टरची नाही, मायची. हेही लिहून ठेवते.

"कुठल्या वस्तीतले तुम्ही?" सिस्टरनं विचारलं. मी सांगितलं. बुद्धविहाराच्या मागची.

"वाटलंच. तुमच्यात हे रोजचंच." मग आवाज खाली आणून, जणू उपकार करते आहे असं, "पोलीस पाहिजेत का दारात? नको ना? मग चुकून झालं लिहा. पोरगी शिकलेली दिसते. लिही गं."

मी लिहिलं. 'माझ्या बहिणीच्या हातून हे चुकून झाले. आमची कोणाबद्दलही तक्रार नाही.' वर्गात माझं अक्षर सगळ्यात चांगलं होतं. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. खाली मायनं अंगठा दिला. तो कागद केसपेपरला टाचला गेला. अक्का सगळं ऐकत होती. तिनं तोंड भिंतीकडे केलं.

चुकून झालेल्या गोष्टीला पुन्हा भेटायला कुणी येत नाही. आमच्याकडेही कुणी आलं नाही. आरोग्य केंद्राच्या आशाताई वस्तीत यायच्या. शेजारच्या घरी बाळाचं वजन करायच्या. आमच्या दारावरून जायच्या. त्यांचा दोष नाही. त्यांच्याकडच्या यादीत आमचं घर नव्हतं. यादीबाहेर मी ठेवलं होतं, माझ्या त्या सुंदर अक्षरानं.

आम्ही घरीही काही विचारलं नाही. विषय काढला तर तिला परत आठवेल, असं मायला वाटायचं. वस्तीत सगळ्यांनाच वाटायचं. जणू ती विसरली होती! चूल, कापूस वेचणी, पाणी, सगळं ती पूर्वीसारखं करायची. बायका म्हणायच्या, "कान धरनात, सुधरनी पोरगी." कान धरले, पोरगी सुधारली.

कारण काय होतं, विचारू नका. एक नव्हतंच. एक असतं तर आम्हीही शोधलं असतं.

पावसाळा संपत आला होता तेव्हाची गोष्ट. दुपारी भांडी घासता घासता अक्का मला म्हणाली, "माले झोप येत नही वं. दवाखानामा जाऊ का?"

मी अभ्यास करत होते. वर न बघता म्हटलं, "जा ना."

ती गेली. चालत. दोन किलोमीटर. तासाभरात परत आली.

"काय म्हणाले?"

"गर्दी व्हती."

नंतर कळलं. फाटकाशी चहाची टपरी आहे, तिथल्या बाईनं सांगितलं. अक्का फाटकापर्यंत आली होती. आत रांग होती. सिस्टर दारात उभी होती. अक्का फाटकाला हात लावून बराच वेळ उभी राहिली. पदरानं दोन्ही कान झाकून घेतले. आणि फिरली.

मदत मागायला माझी बहीण स्वतःच्या पायानं गेली होती. पुन्हा सांगते. स्वतःच्या पायानं. हे ज्यांना कळत नाही ते म्हणतात, मरणाऱ्याला कोण वाचवणार!

त्याच महिन्यात अक्का गेली. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. तिच्या कानातली काडी तशीच होती.

पुढे जळगावला कॉलेजला आले. मोर्चे, पत्रकं, भित्तिपत्रकं. पत्रक लिहायला मी तिथंच शिकले. ठळक मथळा, छोटी वाक्यं, खाली मागण्या. सगळ्या जगावर लिहिलं. अक्कावर नाही.

मग एकदा धुळ्याला आरोग्यावरच्या शिबिरात गेले होते. एक बाई बोलत होत्या, अगदी साध्या. त्या म्हणाल्या, ज्यानं एकदा प्रयत्न केला त्याला पुढचे आठवडे, महिने सगळ्यात जास्त जपायचं असतं. घरी जाऊन भेटायचं. थेट विचारायचं, अजून मनात येतं का. विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. आणि त्याला शरमवायचं नाही, शरमवलं की तो परत मदत मागायला येत नाही.

बाकीचे वहीत उतरून घेत होते. मी उठून बाहेर गेले. नळाखाली हात धरला. उजवा. बराच वेळ धरला.

इतकं साधं होतं. विचारायचं होतं फक्त.

गेल्या वर्षी आमच्या वस्तीतली एक सून त्याच केंद्रात आणली. मी सुट्टीला गावी आले होते, म्हणून सोबत गेले. तीच खोली, तीच खाट. आणि तीच सिस्टर! मधल्या काळात बदल्या होऊन, फिरून परत तिथंच आलेली. केस पिकलेले. सून पहाटे शुद्धीवर आली होती. दुपारी सिस्टर खाटेशी आली.

"काय गं, लेकराचा विचार नाही केलास? कान धर."

सुनेचा हात वर जायला लागला. मी तो धरला आणि खाली ठेवला.

"कान धरायचे नाहीत."

"तू कोण?"

"नऊ वर्षांपूर्वी तुम्ही मला याच खाटेवरच्या बाईचा दुसरा कान धरायला लावला होता."

सिस्टरनं माझ्याकडे पाहिलं. आठवायचा प्रयत्न केला, खोटं कशाला बोलू. मग म्हणाली, "किती येतात इथं. कोणाकोणाला लक्षात ठेवू?"

माझ्या बहिणीला ती विसरली होती. मला वाटलं होतं, या बाईशी भांडेन तेव्हा ती घाबरेल, रडेल, हात जोडेल. नऊ वर्षं मी त्याचीच तयारी केली होती. तिच्या लक्षातच नव्हतं.

मग कोरा कागद आला. सुनेची सासू माझ्या कानाशी लागली. "तूच लिखी दे ना बाई, चुकीसन व्हयनं म्हनीसन. पोलीस उनात ते गावमा तोंड कसं दखाडू?"

"नानी, पोलीस येतील, विचारतील. मी इथंच बसते. असा प्रयत्न करणाऱ्याला आता शिक्षा नाही. त्याची काळजी घ्यायची, असं कायदाच सांगतो. पण मी 'चुकून झालं' असं लिहिणार नाही. एकदा लिहिलंय."

"तू मोठी वकील लागी गयी!" सासू चिडली. चिडू दे.

गलका ऐकून डॉक्टर आला. नवीन, माझ्याच वयाचा, झोप न झालेला. मी त्याला म्हटलं, खरं लिहा आणि तिला विचारा. त्याला आधी राग आला. मग त्यानं सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावलं. दार लावता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. कडी होती त्याला. नऊ वर्षांपूर्वीही असणार.

सुनेनं माझा हात सोडला नाही, म्हणून मला राहू दिलं. डॉक्टर स्टूल ओढून बसला. शब्द जुळवत विचारलं, "अजून येतं का मनात? मरावं असं?"

तिनं आधी लावलेल्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "आज सकायले बी उनं व्हतं."

सकाळीसुद्धा आलं होतं. खाटेवर, सलाइन चालू असताना. आणि तिला आम्ही 'चुकून' लिहून घरी पाठवणार होतो.

तिला जिल्हा रुग्णालयात पाठवलं. आशाताईंच्या यादीत तिचं नाव गेलं. आठवड्याला त्या जातात, मी गावात असले की मीही जाते. ती आज आहे. उद्याचं मी लिहून देत नाही. लिहून द्यायची माझी सवय गेली.

आता केंद्राला दिलेला माझा अर्ज. अक्काच्या केसपेपरला टाचलेला कागद मी लिहिलाय, तो खोटा आहे, त्यावर तशी नोंद करा. एवढीच मागणी. कारकून म्हणाला, "ताई, मेलेल्या माणसाचा जुना कागद. काय उपयोग?"

उपयोग सांगते. तुमच्या कागदांवर इथं मरायला निघालेलं कुणी कधी आलंच नाही. सगळं चुकून झालं. पोटात दुखलं, पाय घसरला. म्हणून तुमच्याकडे दाराला कडी लावायची पद्धत नाही, विचारायची पद्धत नाही, कान धरायची तेवढी आहे. माझी बहीण चुकून मेली नाही. ती फाटकापर्यंत आली होती.

तीनदा अर्ज परत केला. सोमवारी ओपीडीला गर्दी असते. येत्या सोमवारी मी चौथ्यांदा जाणार आहे. अर्ज खिडकीत सरकवणार नाही. उभी राहून वाचणार आहे, पहिल्या ओळीपासून, माझ्या हातानं धरलेल्या कानापासून. मायच्या भाषेत. रांगेच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

तेव्हा रांग हसली होती. आता हसून दाखवावं.